मोबाइलचा व्हिडिओ फाटतो, लपलपतो, मधेच बंद पडतो: कॅमेऱ्याला दोष देण्याआधी काय तपासायचं

लग्नसराई लागली की सोलापुरात माझ्याकडे व्हिडिओ मिक्सिंगला (एडिटिंगला) येणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये फोटोग्राफरच्या फुटेजबरोबर घरच्यांच्या मोबाइलच्या क्लिपा असतातच. हळदीत मावशीनं काढलेली, वरातीत भाच्यानं काढलेली. मोठ्या कॅमेऱ्याला न सापडलेला क्षण कितीदा तरी त्यांतच असतो, म्हणून मला त्या फार मोलाच्या वाटतात. तक्रारही ठरलेली असते: "दादा, फोन साठ हजारांचा हाय, मग व्हिडिओ असला का येतोय ओ?" जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की पुन्हा तेच.

बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. लेन्सवर पडलेला उजेड समोरच्याच्या स्क्रीनवर पोहोचेपर्यंत दर्जा गळायला भरपूर जागा असतात. गळती नेमकी कुठे आहे ते सापडलं की निम्मं काम झालं. म्हणून आधी लक्षण ओळखा, मग खालच्या क्रमानं जा. पहिल्या तपासण्यांना पैसा लागत नाही, शेवटच्या खर्चिक आहेत.

लक्षणं

- काढलेल्या फोनवर व्हिडिओ स्वच्छ दिसतो, दुसऱ्याला पाठवला की चेहरे चौकटी-चौकटींत फाटतात.
- सगळ्या चित्रावर धुरकटपणा, आणि प्रत्येक दिव्यातून लांब तिरीप निघालेली.
- मंगल कार्यालयात किंवा रात्रीच्या मांडवात काळपट पट्टे वर-खाली सरकतात, चित्र लपलपतं.
- रेकॉर्डिंग आपोआप बंद होतं, किंवा दोन-चार मिनिटांनी अडकत अडकत चालायला लागतं.
- रात्रीच्या शूटिंगमध्ये दाणे दाणे, चेहरे मेणचट.
- कॉम्प्युटरवर आवाज येतो पण चित्र येत नाही. किंवा रंग फिके, भगभगीत. किंवा एडिटिंगमध्ये टाकल्यावर ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून लांब जातात.
- फोन टेबलावर ठेवला तरी चित्र थरथरतं, फोकस आत-बाहेर करत राहतो, कॅमेऱ्याजवळून बारीक किरकिर ऐकू येते.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा. तो वेगळा आजार आहे.

आधी मूळ फाइल बघा

ज्या फोननं शूट केलं त्याच फोनवर, गॅलरीतून, तोच व्हिडिओ उघडा. तिथे स्वच्छ दिसला तर कॅमेरा, लेन्स, सेटिंग सगळं निर्दोष सुटलं. गळती पाठवताना झाली. फाइलच्या माहितीत जाऊन रिझोल्यूशन आणि आकार बघा. आयफोनच्या सेटिंगमध्येच अंदाज दिलेला असतो: १०८०पी (फुल एचडी), सेकंदाला ३० फ्रेमचा एक मिनिट एचईव्हीसी या नव्या, जास्त दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये साधारण ६० एमबी, जुन्या एच.२६४ मध्ये १३० एमबी. ४के, ३० फ्रेमचा एक मिनिट एचईव्हीसीमध्ये १७० एमबी. बाकीच्या फोनांचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशेब याच घरातला. तुमच्या हातातली एका मिनिटाची क्लिप सहा-सात एमबीची असेल तर ती मूळ नव्हेच, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली दाबलेली प्रत आहे.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ लहान करतं. त्यातला जो तपशील गेला तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. 'एआयनं एचडी करून देतो' म्हणणारे चेहऱ्यावर नवा चेहरा रंगवून देतात, आणि लग्नाच्या आठवणीत तसला चेहरा मला तरी बघवत नाही. मूळ फाइल हवी असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा (२ जीबीपर्यंत जाते), नाहीतर केबल, क्विक शेअर, एअरड्रॉप. व्हिडिओ पाठवतानाचा 'एचडी' पर्याय थोडा बरा, पण तीही दाबलेलीच प्रत.

क्लाउडकडेही बघून ठेवा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप 'स्टोरेज सेव्हर'वर असेल तर ४के व्हिडिओ तिथे १०८०पी होऊन बसतो. मग 'जागा मोकळी करा' दाबलं की फोनमधला मूळ व्हिडिओ जातो आणि उरतो तो लहान केलेला. लग्नाचं, बारशाचं फुटेज असेल तर ते बटण दाबण्याआधी मूळ फाइली पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर उतरवा.

पेनड्राइव्हवरून आणखी एक. ड्राइव्ह रिकामा असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा मेसेज आला तर ड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आतला माल दुसरीकडे काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

लेन्स पुसा, आणि वरची काच काढून बघा

हे वाचून हसू नका. धुरकट व्हिडिओ घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण फोन पुसून परत गेलेत. आपल्याकडे धूळ आहेच, त्यात जेवणावळीत शेंगाचटणीचं तेल लागलेलं बोट लेन्सवरून फिरतं. तेलाचा तो पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, पण दिव्याचा उजेड त्यावर पसरतो आणि तिरिपा तयार होतात. मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड घ्या, तोंडानं हलकी वाफ द्या, गोल पुसा. शर्टाच्या टोकानं खसाखसा घासू नका. धुळीचा कण अडकला तर ओरखडा कायमचा. यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या फोनवर सुताचे बारीक तंतू लेन्सच्या कडेला साठतात. ते आधी मऊ ब्रशनं झाडायचे आणि मगच पुसायचं.

पुसूनही फरक पडला नाही तर लेन्सवर बसवलेली प्रोटेक्टर काच संशयित. स्क्रीनगार्डबरोबर दुकानदार बसवून देतो ती. रात्री रस्त्यावरच्या दिव्याकडे कॅमेरा धरून दहा सेकंद शूट करा, काच काढून पुन्हा तेवढंच. तिरिपा आणि दिव्याची हिरवट सावली दुसऱ्या क्लिपमध्ये कमी झाली तर गुन्हेगार सापडला. माझं मत विचाराल तर ती काच लावूच नये. बहुतेक चांगल्या फोनांची लेन्सवरची मूळ काच कठीणच असते, आणि स्वस्त काच तिच्यावर उजेड परतवत बसते.

जागा आणि उष्णता

रेकॉर्डिंग आपोआप थांबत असेल तर पहिल्यांदा स्टोरेज बघा. मोकळी जागा काठावर आली की फोन अडखळतो. चार-पाच जीबी तरी रिकामे ठेवा, फोन एकदा बंद-चालू करा.

उन्हाळ्यात मात्र कारण बहुतेक वेळा उष्णताच. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. म्हणजे दुपारच्या मुहूर्ताला फोन खिशातून काढला तेव्हाच मर्यादा ओलांडलेली असते. त्यात ४के, ६० फ्रेम लावलं की सेन्सर, प्रोसेसर आणि फाइल दाबणारी चिप, सगळे एकदम राबतात. फोन आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो, मग फ्रेम गाळायला लागतो (तेच ते अडकत अडकत चालणं), आणि शेवटी स्वतःला वाचवायला कॅमेराच बंद करतो. याला बिघाड म्हणत नाहीत.

उपाय साधे: मागचं कव्हर काढा, पॉवर बँक लावून शूट करू नका, सावलीत उभे राहा, इंटरनेट बंद ठेवा, आणि १०८०पी, ३० फ्रेमवर या. सलग अर्धा तास काढण्यापेक्षा तीन-चार मिनिटांचे तुकडे काढा. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीवर ठेवायचा नाही. आत दव धरतं, आणि मग लेन्सच्या आतून धुकं येतं, ते पुसताही येत नाही. पंख्याखाली ठेवला तरी पुरे.

फोन गरम होताना पाठ फुगलेली वाटली, स्क्रीन कडेनं उचललेली दिसली, तर तिथेच थांबा. बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

पट्टे आणि लपलप: ५० चा हिशेब

यावर मी थोडा रेंगाळणार, कारण मंगल कार्यालयातल्या क्लिपांचा सर्वांत मोठा शत्रू हाच आणि याला एक रुपया लागत नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुनी ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं, कारण तो प्रत्येक फ्रेम ठरावीक वेळच उघडा असतो. ही उघडं राहण्याची वेळ म्हणजे शटर. ते १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेमला दिव्याची एक पूर्ण उघडझाप मिळते, १/५० असेल तर दोन. सगळ्या फ्रेमना सारखा उजेड, पट्टा नाही. शटर १/६० झालं की दीडपेक्षा जरा जास्त उघडझापा, म्हणजे एका फ्रेमला जास्त उजेड, दुसरीला कमी. शिवाय मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीनं वाचत जातो. त्यामुळे तो फरक पट्टा होऊन सरकताना दिसतो.

बरेच फोन आपोआप ५० हर्ट्झ ओळखतात. जे ओळखत नाहीत त्यांच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'अँटी-बँडिंग' असतं, तिथे ५० निवडा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे 'शो पीएएल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो. आपल्या दिव्यांखाली तो जास्त निवांत चालतो. अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओमध्ये शटर हातानं १/५० किंवा १/१०० वर बांधून टाका आणि उजेड आयएसओनं (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) सांभाळा.

एवढं करूनही दोन ठिकाणी पट्टे परत येतात. एक, वीज जाऊन कार्यालय जनरेटरवर गेलं की. भार वाढला-उतरला की जनरेटरची गती बदलते, मग ५० चे ५० राहत नाहीत. दोन, स्टेजमागची मोठी एलईडी भिंत. तिची स्वतःची वेगळी गती असते. शटर एक-एक पायरी बदलून बघा, जिथे पट्टे सगळ्यांत कमी दिसतील तिथे थांबा. पूर्ण जातीलच असं नाही. नवरा-नवरीला भिंतीपासून बाजूच्या कोनातून धरलं तर ते कमी खटकतात.

रात्र, पांढरे कपडे, लांबचं झूम

४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सल. १०८०पी म्हणजे साधारण २१ लाख. चौपट तपशील, हे खरं, पण भरपूर उजेडात. रात्री सेन्सरकडे उजेडच येत नाही, तेव्हा फोन आयएसओ वाढवतो, दाणे येतात, आणि ते पुसायला जे सॉफ्टवेअर चालतं ते चेहऱ्याची कातडीही पुसून टाकतं. मेणचट चेहरा त्यातून येतो. खोक्यावरचे २०० मेगापिक्सल इथे कामाचे नाहीत. व्हिडिओला सेन्सर किती मोठा आहे याचा उपयोग होतो.

६० फ्रेमला शटर १/६० पेक्षा सावकाश जाऊच शकत नाही. ३० फ्रेमला १/३० पर्यंत जातं, म्हणजे दुप्पट उजेड. म्हणून यात्रेतलं होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम असो की रात्रीची वरात, ३० किंवा २५ फ्रेमच ठेवा. मुख्य लेन्सच वापरा, म्हणजे १एक्स. झूम दाबलं की अंधारात कितीतरी फोन झूमची लेन्स सोडून मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. लांबचं हवं असेल तर चार पावलं पुढे जा. आणि 'सुपर स्टेडी' (चित्राचं हलणं कमी करणारा मोड) रात्री बंद. त्यात कडा कापल्या जातात, शिवाय अंधारात प्रत्येक दिवा झटके देत हलतो.

गड्ड्याच्या मिरवणुकीत वेगळीच अडचण येते. नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) धरणारे सगळे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत (बंदांच्या अंगरख्यात), वर जानेवारीचं स्वच्छ ऊन. फोनला वाटतं चित्र फार उजळ झालं, तो सगळं काळं करतो, आणि चेहरे काळवंडतात. नाहीतर उलट, बाराबंदीचा नुसता पांढरा डाग होतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्सपोजर लॉक करा, आणि सूर्याच्या खुणेवर बोट थोडं खाली ओढा. सावलीतला भाग एडिटिंगमध्ये उजळता येतो, जळलेलं पांढरं परत आणता येत नाही.

आवाजाचं एका ओळीत: हलगी आणि डीजेसमोर मोबाइलचा माइक फाटतोच, त्यामुळे दहा-पंधरा पावलं मागे सरा आणि खालचं माइकचं भोक तळव्यानं झाकलं जात नाही ना ते बघा.

फॉरमॅटची भानगड

आवाज येतो, चित्र नाही, असं कॉम्प्युटरवर झालं तर फाइल एचईव्हीसीमध्ये, म्हणजे एच.२६५ मध्ये आहे. २०१३ सालचं हे तंत्र २००३ च्या एच.२६४ पेक्षा जवळपास निम्म्या जागेत तेवढाच दर्जा देतं, पण उलगडायला कॉम्प्युटरला जास्त जोर लागतो. व्हीएलसी प्लेअर टाका, फुकट आहे. जुना कॉम्प्युटर तरीही अडखळत असेल तर पुढच्या वेळी फोनमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' किंवा एच.२६४ निवडा. फाइल मोठी होईल, पण कुठेही चालेल. मिक्सिंगला देणार असाल तर मी हेच सांगतो.

रंग भगभगीत असतील तर एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारा प्रकार) चालू आहे. आयफोन १२ पासून हा प्रकार वाढला. फोनच्या स्क्रीनवर ते फार सुंदर दिसतं, साध्या टीव्हीवर नाही. लग्नाच्या डीव्हीडीसाठी, पेनड्राइव्हसाठी बंद ठेवा. प्रोरेस या व्यावसायिक एडिटिंगसाठीच्या, कमी दाबलेल्या फॉरमॅटच्या वाटेला घरच्या शूटिंगसाठी जाऊ नका. ४के प्रोरेसचा एक मिनिट ६ जीबीच्या आसपास जातो.

ओठ-आवाज लांब जाण्याचं कारण असं की मोबाइल फ्रेमची गती स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला की तो ३० चे २४ करतो, परत ३० करतो. एडिटिंग सॉफ्टवेअर सगळं ३० धरून चालतं आणि मंगलाष्टकांच्या शेवटी भटजींचे ओठ मागे पडतात. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून फ्रेमरेट 'कॉन्स्टंट' करा आणि तयार झालेली फाइल एडिटिंगला घ्या. मूळ फाइल तशीच जपून ठेवा.

मेमरी कार्ड

ज्या फोनांत कार्ड आहे त्यांच्यासाठी. मधे मधे फ्रेम गायब होत असतील तर काही मिनिटं फोनच्या आतल्या स्टोरेजवर शूट करून बघा. तिथे नीट आलं तर दोष कार्डाचा. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो. आपल्याला लिहिण्याचा हवा. 'व्ही३०' किंवा 'यू३' ही खूण म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी, ४के साठी तेच घ्या. 'क्लास १०' म्हणजे फक्त १० एमबी. बनावट कार्डंही बाजारात फिरतात. दिसायला १२८ जीबीचं, आत त्यापेक्षा कितीतरी कमी. भरलं की नवीन फुटेज गडप होतं किंवा उघडत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवलं की खरं-खोटं कळतं. नवीन कार्ड लग्नाच्या आधी तपासा.

अ‍ॅप की कॅमेरा

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर फोन अपडेट करा, कॅमेरा अ‍ॅपचा कॅशे साफ करा. मग दुसऱ्या अ‍ॅपनं शूट करा. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा फुकट मिळतं. दोन्ही अ‍ॅपमध्ये एकाच लेन्सला तोच दोष दिसला तर बिघाड हार्डवेअरचा असण्याची शक्यता मोठी. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी आणि पूर्ण बॅकअप घेऊनच.

इथे थांबा, माणूस बोलवा

मुख्य लेन्सनं चित्र थरथरतं, पण वाइड आणि समोरचा कॅमेरा नीट चालतो, असं असेल तर आधी चुंबक असलेलं कव्हर किंवा होल्डर काढा. चुंबकामुळे लेन्स हलवणारी यंत्रणा गडबडते. तरी थरथरलं तर ओआयएस गेलंय. ही यंत्रणा लेन्सला सूक्ष्म हालचाल देऊन हात हलणं भरून काढते. २०२१ मध्ये अ‍ॅपलनं स्वतः सांगितलं की ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलला फोन बांधला तर इंजिनच्या कंपनानं ती बिघडू शकते. तुळजापूरला जाताना हँडलला फोन लावून व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फोन तळहातावर आपटून 'बसवण्याचा' उपाय व्हिडिओंमधून फिरतो, तो करू नका. स्प्रिंग तुटू शकते, मग पूर्ण मॉड्यूल बदलावं लागतं.

लेन्सच्या आत धुकं, काळा स्क्रीन, 'कॅमेरा सुरू होत नाही' असा मेसेज, लेन्सची काच तडकलेली: घरी उघडायचं नाही. फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण उघडल्यावर पूर्वीसारखं राहत नाही, आणि स्वस्तातलं मॉड्यूल बसवलं तर फोकस जुळत नाही. वॉरंटी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच.

दुसरी थांबण्याची जागा फुटेजची. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली आणि शेकडो एमबीची फाइल उघडतच नाही, असं झालं तर घाबरू नका, पण हातही लावू नका. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. ती लिहायची राहिली की सगळी पानं आत असूनही प्लेअरला पुस्तक उघडता येत नाही. त्याच फोनवर त्याच सेटिंगनं काढलेली एक चांगली क्लिप असेल तर अनट्रंकसारखं सॉफ्टवेअर तिच्या आधारानं अनुक्रमणिका पुन्हा बांधतं. मूळ फाइलीवर प्रयोग करू नका, तिची प्रत काढून तिच्यावर करा. फुटेज चुकून डिलीट झालं असेल तर आधी गॅलरीतलं 'रीसेंटली डिलीटेड' बघा. तिथे नसेल तर त्या कार्डावर एकही नवी क्लिप काढू नका. कार्ड बाहेर काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. नवं रेकॉर्डिंग जुन्यावर बसलं की तो भाग कायमचा गेला.

सर्व्हिस सेंटरला जाताना दहा-दहा सेकंदांच्या तीन क्लिपा फोनमध्ये तयार ठेवा: फोन टेबलावर ठेवून मुख्य लेन्सनं, तशीच वाइड लेन्सनं, आणि पुसलेल्या लेन्सनं दिव्याकडे बघून. फोन त्यांच्या हातात देण्याआधी सगळं फुटेज दुसरीकडे उतरवा, कारण दुरुस्तीत फोन पुसला जाऊ शकतो.